बेंटलीचं शांत इंजिन: रेल्वेच्या कारखान्यात घडलेल्या डब्ल्यू. ओ. यांची गोष्ट

बेंटली म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? पंख असलेला लोगो, रीलमध्ये दिसणारी चकचकीत गाडी आणि किंमत ऐकून फिरलेलं डोकं. पण बेंटली हे एका माणसाचं आडनाव होतं. वॉल्टर ओवेन बेंटली. जवळचे लोक त्यांना फक्त आद्याक्षरांनी ओळखायचे, डब्ल्यू. ओ. आपणही तेच नाव वापरू.

त्यांच्या रेसिंगच्या गोष्टी खूप सांगितल्या जातात. मला मात्र त्यांचं एक वेगळंच काम जास्त आवडतं. इंजिनच्या आतली एक खडखड बंद करण्यासाठी त्यांनी आगगाडीकडून एक युक्ती उचलली. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, पण इंजिनिअरिंगला असताना फर्स्ट इयरचं बेसिक मेकॅनिकल आणि वर्कशॉपमधलं फायलिंग कोणाला चुकलंय? तेवढ्या भांडवलावर ही गोष्ट नीट समजते. तर चला, आधी थोडं बेसिक.

टायमिंग ड्राइव्ह म्हणजे काय?

बाईक जुनी झाली की गॅरेजवाला कान लावून ऐकतो आणि सांगतो की टायमिंग चेन वाजतेय. ही टायमिंग चेन म्हणजेच टायमिंग ड्राइव्हचा एक प्रकार.

इंजिनात दोन महत्त्वाचे दांडे फिरत असतात. खाली क्रँकशाफ्ट, ज्याला पिस्टन ढकलून फिरवतात. दुसरा कॅमशाफ्ट, जो व्हॉल्व्ह उघडतो. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण कधी आत घ्यायचं, जळलेला धूर कधी बाहेर सोडायचा, हे व्हॉल्व्ह ठरवतात. फोर स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक फेरा व्हायला हवा. हा हिशोब चुकला तर इंजिन नीट चालणारच नाही. म्हणून या दोघांना पक्कं जोडावं लागतं. ही जोडणी गिअरने करता येते, चेनने करता येते, नाहीतर बेल्टने.

आता आवाज कुठून येतो ते बघा. प्रत्येक व्हॉल्व्हवर जोरदार स्प्रिंग असते. कॅमचा उंचवटा व्हॉल्व्ह उघडायला लागला की स्प्रिंग विरोध करते, म्हणजे कॅमशाफ्टला मागे रेटते. उंचवट्याचं टोक पार झालं की तीच स्प्रिंग कॅमला उलट पुढे ढकलते. एका क्षणी ब्रेक, पुढच्या क्षणी धक्का. दोन गिअरच्या दात्यांमध्ये थोडी फट ठेवावीच लागते, नाहीतर ते अडकतील. प्रत्येक वेळी जोराची दिशा बदलली की दाता त्या फटीत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाऊन आपटतो. टक्.

एक टक् ऐकूही येणार नाही. पण सहा सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरतंय असं धरा. कॅमशाफ्ट १५०० फेरे करेल, म्हणजे सेकंदाला २५. प्रत्येक फेऱ्यात सहा सिलिंडरचे इनलेट आणि एक्झॉस्ट धरून १२ वेळा व्हॉल्व्ह उघडतात. झाले सेकंदाला ३०० धक्के. आता तो आवाज टक् राहत नाही, सलग घरघर होते. हे सगळं डोक्यात ठेवा, कारण डब्ल्यू. ओ. यांची लढाई याच घरघरीशी होती.

आगगाड्यांच्या कारखान्यातला उमेदवार

डब्ल्यू. ओ. यांचा जन्म १६ सप्टेंबर १८८८ रोजी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात झाला. नऊ भावंडांत ते शेंडेफळ. घरची परिस्थिती चांगली होती. लहानपणापासून वेड एकाच गोष्टीचं, वाफेच्या इंजिनांचं. मोटारी तेव्हा नुकत्याच रस्त्यावर येत होत्या आणि त्यांचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं.

१६ व्या वर्षी ते डॉन्कास्टरला ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारीला लागले. उमेदवारी म्हणजे आजच्या भाषेत अप्रेंटिसशिप. पाच वर्षं त्यांनी तिथे ओतकाम, फिटिंग, जोडणी अशी एकेक कामं हाताने केली. शेवटी तर इंजिनवर फायरमन म्हणून कोळसा मारायची पाळीही आली. लंडन ते लीड्स आणि त्याच दिवशी परत, अशा फेऱ्या त्यांनी टनावारी कोळसा फावड्याने ओढत केल्या.

इथे त्यांनी रोज जे पाहिलं ते पुढे कामाला आलं. वाफेच्या इंजिनाची मोठी चाकं आठवा. एका बाजूची सगळी चाकं एका आडव्या लोखंडी दांड्याने जोडलेली असतात. याला कपलिंग रॉड म्हणतात. पिस्टनने एक चाक फिरवलं की या दांड्यामुळे बाकीची चाकंही बरोबर त्याच गतीने फिरतात. दाते नाहीत, चेन नाही. नुसता दांडा, त्याच्या टोकाला बेअरिंग आणि त्यात तेल.

टॅक्सी, पिस्टन आणि महायुद्ध

रेल्वेत पुढे फारसा पैसा मिळणार नाही हे लक्षात आल्यावर १९१० मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. तोवर मोटारसायकलचा नाद लागला होता आणि आइल ऑफ मॅनच्या टीटी रेसमध्येही ते उतरले होते. मग लंडनमधल्या एका टॅक्सी कंपनीत देखभालीचं काम केलं. ग्लॅमर शून्य. पण रोज रस्त्यावर मार खाणाऱ्या गाड्यांत काय झिजतं आणि काय तुटतं याचं शिक्षण फुकटात मिळालं.

१९१२ मध्ये भाऊ होरेस यांच्याबरोबर त्यांनी डीएफपी नावाच्या फ्रेंच गाड्यांची एजन्सी घेतली. १९१३ मध्ये पॅरिसजवळच्या डीएफपी कारखान्यात गेले असताना टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला एक छोटा पिस्टन त्यांना दिसला. तो ॲल्युमिनियमचा होता. त्या काळी पिस्टन लोखंडाचे किंवा पोलादाचे असत, जड. हलका पिस्टन असेल तर इंजिन जास्त वेगाने फिरू शकेल, हे त्यांनी तिथेच ताडलं. ॲल्युमिनियममध्ये १२ टक्के तांबं मिसळून त्यांनी पिस्टन बनवून घेतले आणि ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर डीएफपी पळवून विक्रम केले.

पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर ही माहिती स्वतःजवळ न ठेवता ते नौदलाकडे गेले. नौदलाने त्यांना विमानांची इंजिनं बनवणाऱ्या कंपन्यांकडे पाठवलं. त्यातली एक होती डर्बीची रोल्स-रॉईस. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे. पुढे डब्ल्यू. ओ. यांनी स्वतः बीआर १ आणि बीआर २ ही विमानाची इंजिनं तयार केली. बीआर म्हणजे बेंटली रोटरी. सॉपविथ कॅमल या गाजलेल्या लढाऊ विमानात बीआर १ बसवलं गेलं. या कामाबद्दल सरकारने त्यांना ८००० पौंड दिले.

युद्ध संपलं, पण १९१९ मध्ये त्यांची पत्नी लेओनी फ्लूच्या साथीत गेल्या. त्याच वर्षी डब्ल्यू. ओ. यांनी स्वतःची मोटार कंपनी काढली.

पहिली बेंटली आणि पहिली तक्रार

लंडनमधल्या बेकर स्ट्रीटजवळ एका गल्लीत, जुन्या तबेल्याच्या माडीवर पहिलं इंजिन उभं राहिलं. ऑक्टोबर १९१९ मध्ये ते पहिल्यांदा सुरू झालं. सायलेन्सर वगैरे काही नव्हतं, त्यामुळे अख्खी गल्ली हादरली. शेजारी आजारी माणूस आहे, हा आवाज थांबवा, असा निरोप लगेच आला, अशी गोष्ट सांगितली जाते. म्हणजे बेंटली इंजिनाची पहिली प्रतिक्रिया ही आवाजाची तक्रारच.

हे इंजिन ३ लिटर मॉडेलमध्ये आलं. चार सिलिंडर, प्रत्येकाला चार व्हॉल्व्ह आणि कॅमशाफ्ट सगळ्यात वर. आज आपण ज्याला ओव्हरहेड कॅम म्हणतो तेच. पहिली गाडी गिऱ्हाइकाच्या हाती पडली १९२१ मध्ये.

कॅमशाफ्ट वर ठेवण्याचा फायदा मोठा. कॅम व्हॉल्व्हच्या जवळ आला की मधले लांब दांडे लागत नाहीत आणि इंजिन वेगाने श्वास घेतं. पण तोटाही तिथेच. खालच्या क्रँकशाफ्टपासून वरच्या कॅमशाफ्टपर्यंत गती न्यायची कशी? ३ लिटरमध्ये इंजिनाच्या पुढच्या बाजूला एक उभा शाफ्ट होता आणि त्याच्या दोन्ही टोकांना तिरक्या दात्यांचे बेव्हल गिअर. म्हणजे दात्यांच्या दोन जोड्या, दोन ठिकाणी फट, दोन ठिकाणी टकटक. अशा गिअरची फट अगदी नेमकी बसवावी लागते. जास्त सैल ठेवली तर खडखड, जास्त घट्ट केली तर हुंकारल्यासारखा आवाज.

स्पोर्ट्स कार घेणाऱ्याला याचं काही वाटत नव्हतं. वरून उघडी गाडी, कानात वारा. १९२४ मध्ये याच ३ लिटरने ल मॉंची २४ तासांची रेस जिंकली. सगळं छान चाललं होतं.

बंद काचांची अडचण

मग गिऱ्हाईक बदललं. श्रीमंत लोक बेंटलीची चासी घ्यायचे आणि त्यावर बाहेरच्या कारागिरांकडून हवी तशी बॉडी चढवून घ्यायचे. त्या काळातली हीच पद्धत होती. लोक आता मोठ्या, जड, बंद बॉड्या मागू लागले. मागे साहेब आणि मॅडम बसणार, काचा वर, पुढे ड्रायव्हर.

यात दोन अडचणी आल्या. एक, वजन ओढायला चार सिलिंडर कमी पडले. दुसरी, बंद बॉडी म्हणजे पत्र्याचा डबा. उघड्या गाडीत वाऱ्याबरोबर उडून जाणारा इंजिनाचा आवाज आता आत कोंडून घुमू लागला. हेच गिऱ्हाईक उठून रोल्स-रॉईसच्या शोरूममध्ये जाऊ शकत होतं, आणि रोल्स-रॉईसची सगळी ख्याती शांततेवर उभी होती.

म्हणून डब्ल्यू. ओ. यांनी सहा सिलिंडरचं इंजिन करायला घेतलं. पहिलं इंजिन साधारण सव्वाचार लिटरचं होतं. चाचणीची गाडी कोणाला ओळखू येऊ नये म्हणून मुद्दाम विचित्र दिसणारी बनवली आणि तिला सन असं नाव दिलं. १९२४ मध्ये फ्रान्समध्ये ती चालवून बघताना एक मजेशीर प्रसंग घडला. एका फाट्यावर दुसऱ्या रस्त्याने अशीच एक अनोळखी, वेश बदललेली गाडी आली. ती होती रोल्स-रॉईसची येऊ घातलेली नवी फँटम, तीही चाचणीवरच. दोघांनी एकमेकांना ओळखलं आणि पुढचे कित्येक मैल दोन्ही गाड्या शेजारी शेजारी जीव तोडून पळाल्या. शेवटी रोल्स-रॉईसमधल्या एकाची टोपी उडाली म्हणून त्यांना थांबावं लागलं.

दोन्ही गाड्या वेगात बरोबरीत होत्या. डब्ल्यू. ओ. यांना बरोबरी नको होती. परत येऊन त्यांनी सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटरवरून १०० केला. सव्वाचार लिटरचं इंजिन साडेसहा लिटरचं झालं, नेमकं सांगायचं तर ६५९७ सीसी. ताकदीचा प्रश्न सुटला. आवाजाचा राहिलाच.

इतरांची उत्तरं

तेव्हाच्या इंजिनिअरांनी या खडखडीवर बरेच उपाय काढले होते. त्यातले तीन बघू.

पहिला, गिअरचे दाते तिरके कापणे. याला हेलिकल गिअर म्हणतात. सरळ दाता दुसऱ्यावर एकदम आपटतो, तिरका दाता एका टोकाकडून हळूहळू टेकतो. तुमच्या गाडीच्या गिअरबॉक्समध्येही आज हेच दाते असतात. रिव्हर्स गिअरला बऱ्याच गाड्यांत सरळ दाते असतात, म्हणून गाडी मागे घेताना तो किंचाळल्यासारखा आवाज येतो.

दुसरा, सायलेंट चेन. मँचेस्टरचे हान्स रेनोल्ड यांनी १८९५ मध्ये ही चेन काढली. तिच्या कड्यांनाच आतल्या बाजूने दाते असतात आणि ते चाकाच्या दात्यांवर सरकत बसतात. चालते शांत, पण वापरून ताणली जाते. आणि वरच्या कॅमपर्यंत लांबच लांब चेन नेली तर ती मध्ये फडफडते. ती आपोआप ताणून धरणारे टेन्शनर तेव्हा आजच्यासारखे नव्हते.

तिसरा उपाय सगळ्यात धाडसी. व्हॉल्व्ह आणि स्प्रिंगच काढून टाका. अमेरिकेच्या चार्ल्स नाइट यांच्या पद्धतीत सिलिंडरच्या आत सरकणाऱ्या नळ्या असायच्या आणि त्यांतली भोकं उघडझाप करायची. इंग्लंडच्या डेमलर कंपनीने ही पद्धत उचलली. इंजिन खरंच शांत झालं, पण तेल जाळायचं आणि मागे निळा धूर सोडायचं.

रोल्स-रॉईसने तर ओव्हरहेड कॅमच्या वाटेला न जाता कॅमशाफ्ट खाली, क्रँकच्या शेजारीच ठेवला. अंतर कमी, म्हणून काम सोपं. डब्ल्यू. ओ. यांना मात्र कॅम वरच हवा होता, कारण तीच त्यांच्या इंजिनाची जान होती.

दात्यांच्या जागी दांडे

आता त्यांचं उत्तर. दोन निर्णय, दोन्ही समजून घेण्यासारखे.

पहिला निर्णय जागेचा. ३ लिटरमध्ये ही जोडणी इंजिनाच्या पुढे होती, साडेसहा लिटरमध्ये ती मागे गेली. का? सहा सिलिंडरचा क्रँकशाफ्ट लांब असतो. प्रत्येक स्फोटाबरोबर तो किंचित पिळला जातो आणि परत सरळ होतो. मागच्या टोकाला जड फ्लायव्हील असतं, त्यामुळे ते टोक स्थिर फिरतं. पुढचं टोक मात्र मोकळं, ते थरथरतं. लांब पट्टी एका टोकाला टेबलावर दाबून धरा आणि दुसरं टोक टिचकी मारून सोडा. कुठलं टोक थरथरतं ते लगेच दिसेल. पुढच्या टोकाला टायमिंग ड्राइव्ह जोडला की ती थरथर आयती कॅमशाफ्टपर्यंत पोचते आणि दात्यांची आपटाआपट आणखी वाढते. ती जोडणी मागे, फ्लायव्हीलजवळ नेली की निम्मं भांडण तिथेच मिटतं.

दुसरा निर्णय जोडणीचा, आणि इथे डॉन्कास्टर कामाला आलं. क्रँकशाफ्टवरून हेलिकल गिअरच्या एका जोडीने निम्म्या गतीने फिरणारा एक छोटा क्रँक चालवला. वर कॅमशाफ्टच्या टोकाला तसाच दुसरा. दोघांना जोडलं उभ्या दांड्यांनी, अगदी आगगाडीच्या चाकांना जोडतात तसं. खालचा जितका फिरेल तितकाच वरचा फिरणार.

पण एकच दांडा चालत नाही. दोन्ही क्रँक दांड्याच्या सरळ रेषेत आले की त्या क्षणी दांड्याला फिरवायला जोरच मिळत नाही, वरचा क्रँक उलटाही फिरू शकतो. सायकलचं पेडल बरोबर वर असताना उभं दाबून बघा, चाक हलत नाही. तोच प्रकार. आगगाडीत यावर उपाय म्हणून डाव्या आणि उजव्या बाजूचे दांडे एकमेकांपासून ९० अंश पुढेमागे ठेवतात. एक अडला तर दुसरा ओढतो. डब्ल्यू. ओ. यांच्या टीमने तीन दांडे घेतले आणि त्यांच्यात १२० अंशांचं अंतर ठेवलं. तिघांपैकी कोणीतरी कायम कामावर.

आवाज का गेला? दांड्याच्या टोकाला गोल बेअरिंग आहे आणि त्यात तेलाचा थर. दात्यासारखं सुटून परत आपटणं इथे नाही. स्प्रिंगने जोराची दिशा कितीही वेळा बदलली तरी तो धक्का तेलाच्या थरावर जिरतो.

एक अडचण मात्र उरत होती. इंजिन तापलं की धातू वाढतो आणि खालच्या-वरच्या क्रँकमधलं अंतर केसभर बदलतं. तीन ताठ दांडे असतील तर ते एकमेकांशी भांडायला लागतील. म्हणून दांड्यांच्या जोडणीत ही वाढ सामावून घेण्याची सोय केली होती. आम्ही वर्कशॉपमध्ये एक चौकोनी तुकडा काटकोनात घासता घासता घामाघूम व्हायचो. तापलेल्या आणि थंड अशा दोन्ही अवस्थांत बरोबर बसणारे तीन दांडे १९२५ साली बनवायचे म्हणजे काय काम असेल याचा अंदाज त्यावरून येतो.

दांड्यांनी कॅम फिरवण्याची कल्पना जगात सगळ्यात आधी त्यांनाच सुचली असं नाही. १९२० च्या लेलँड एट या गाडीत पॅरी टॉमस यांनी अशीच पद्धत वापरली होती. पण लेलँड एट मोजक्याच बनल्या. बेंटलीने साडेसहा लिटरच्या पाचशेहून अधिक गाड्या याच यंत्रणेवर विकल्या.

शांत, पण मवाळ नाही

गाडी १९२५ च्या लंडन मोटार शोमध्ये लोकांसमोर आली. ती बनवली होती बंद काचांच्या, आरामशीर प्रवासासाठी. पण तिचीच जास्त ताकदीची आवृत्ती, स्पीड सिक्स, १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल मॉं जिंकली. २४ तास ताण सहन करत ते तीन दांडे कॅम फिरवत राहिले. लोकांना वाटलं होतं की ही नाजूक, महागडी युक्ती आहे. तिने रेस जिंकून दाखवली.

पैशाचं गणित मात्र जमलं नाही. कंपनीकडे भांडवल कधीच पुरेसं नव्हतं. १९२६ मध्ये हिऱ्यांच्या खाणीतून आलेल्या पैशाचे वारस वुल्फ बार्नाटो यांनी कंपनीत पैसा घातला आणि ते अध्यक्ष झाले. डब्ल्यू. ओ. आपल्याच कंपनीत पगारी इंजिनिअर झाले. आणि ही यंत्रणा स्वस्त नव्हती. १९२७ मध्ये आलेल्या चार सिलिंडरच्या साडेचार लिटर मॉडेलला कंपनीने पुन्हा जुना उभा शाफ्ट आणि बेव्हल गिअरच दिले. दांडे फक्त मोठ्या गाड्यांच्या वाट्याला.

१९३० मध्ये आली ८ लिटर, ७९८३ सीसीची. तीन दांडे तिच्यातही होते. कितीही जड बॉडी चढवा, ताशी १०० मैल म्हणजे १६० किलोमीटर वेगाने शांतपणे जाणारी गाडी. डब्ल्यू. ओ. यांना आयुष्यभर जी गाडी करायची होती ती हीच. नुसती चासी १८५० पौंडांची. आणि वर्षभरापूर्वी, ऑक्टोबर १९२९ मध्ये, न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळलेला. श्रीमंतांचे खिसे आवळले गेले होते. ८ लिटरच्या फक्त १०० गाड्या बनल्या.

नाव गेलं

जुलै १९३१ मध्ये बार्नाटो यांनी आणखी पैसा घालायला नकार दिला आणि कंपनी दिवाळखोरीत गेली. नेपियर कंपनी ती विकत घेणार हे जवळपास ठरलं होतं. डब्ल्यू. ओ. नेपियरसाठी नव्या गाडीच्या डिझाइनवर कामही करत होते. पण ऐनवेळी एका अनोळखी ट्रस्टने जास्त बोली लावली आणि कंपनी घेतली. त्या ट्रस्टच्या मागे कोण आहे हे नंतर कळलं. रोल्स-रॉईस.

ज्या कंपनीला युद्धात त्यांनी ॲल्युमिनियम पिस्टनची माहिती दिली होती, जिच्या गाडीबरोबर फ्रान्समध्ये शर्यत लावली होती, ती आता त्यांच्या आडनावाची मालक झाली. करारामुळे ते स्वतःही रोल्स-रॉईसचे नोकर झाले. पण नव्या बेंटलीच्या डिझाइनमध्ये त्यांना जागा नव्हती.

१९३३ मध्ये नवी साडेतीन लिटर बेंटली बाजारात आली. तिची जाहिरात कशावर होती, माहितीये? शांतपणावर. आवाज न करणारी स्पोर्ट्स कार म्हणून ती विकली गेली. इंजिन रोल्स-रॉईसच्या छोट्या गाडीवर आधारलेलं, कॅमशाफ्ट खाली, गिअरवर चालणारा. तीन दांडे गायब. गाडी खरंच चांगली होती, हे डब्ल्यू. ओ. यांनीही मान्य केलं. पण बेंटली आणि शांतता हे दोन शब्द एकत्र आणण्यासाठी ज्याने एवढं केलं, त्याचा या गाडीशी नावापुरताच संबंध उरला होता.

१९३५ मध्ये ते लगोंडा कंपनीत गेले. तिथे १२ सिलिंडरचं इंजिन केलं आणि १९३९ च्या ल मॉंमध्ये त्या गाड्या तिसऱ्या आणि चौथ्या आल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्या देखरेखीखाली तयार झालेलं सहा सिलिंडरचं इंजिन ॲस्टन मार्टिनने घेतलं आणि डीबी २ मध्ये बसवलं. म्हणजे जेम्स बाँडच्या आवडत्या कंपनीच्या पायातही त्यांची एक वीट आहे. १३ ऑगस्ट १९७१ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी ते गेले. त्यांच्या नावाच्या गाड्या तेव्हाही बनत होत्या आणि आजही बनतात. मालक मात्र पुन्हा बदललाय, १९९८ पासून फोक्सवॅगन.

मग ही युक्ती टिकली का?

थोडीफार. जर्मनीच्या एनएसयू कंपनीने १९५० च्या दशकात मॅक्स मोटारसायकलला आणि नंतर प्रिन्झ या छोट्या गाडीला दांड्यांनीच कॅम फिरवला. त्यानंतर चेन आणि बेल्ट स्वस्त झाले, चांगले टेन्शनर आले आणि दांडे मागे पडले. आज तुमच्या बाईकमध्ये चेन ताणून धरणारा एक छोटा टेन्शनर असतो. तो झिजला की ती ओळखीची खडखड सुरू होते. काम तेच, ढिलाई राहू न देणं.

माझ्या कामाशी याचा काय संबंध? ॲप अडखळायला लागलं की आमच्याकडे दोन प्रकारचे लोक असतात. एक, जे वरून छान ॲनिमेशन टाकून अडखळणं लपवतात. दुसरे, जे दोन भागांच्या मधली फट कुठे आहे ते शोधतात. १९२५ मध्ये डब्ल्यू. ओ. इंजिनावर जाड नमदा गुंडाळून आवाज दाबू शकले असते. त्यांनी आवाज कुठे जन्मतो ते बघितलं, ती जागा फ्लायव्हीलजवळ हलवली आणि दाते काढून दांडे घातले. त्यासाठी नवीन काही शोधावंही लागलं नाही. वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी रोज तेल लावलेली गोष्टच त्यांनी वीस वर्षांनी मोटारीत बसवली.

पुढच्या वेळी बेंटलीची रील समोर आली तर आवाज बंद करून पंखांच्या लोगोकडे बघा आणि बॉनेटच्या आत तीन दांडे वरखाली होताना डोळ्यासमोर आणा. आणि तुमच्या स्वतःच्या बाईकचं इंजिन सकाळी थंड असताना खडखडत असेल, तर एकदा टायमिंग चेन आणि टेन्शनर दाखवून घ्या. भेटू पुढच्या लेखात.